किल्लेदारांचा घरचा गॅस

त्या दिवसांत किल्लेदारांच्या घरी शेगडी पेटवायची म्हणजे छोटी सभाच भरायची. काय शिजवायचं आहे, ते आधी भिजत घातलं होतं का, भांड्यावर झाकण आहे का, आणि मुळात ते कच्चं खाता येणार नाही का, एवढ्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर बायकोच्या हाती काडेपेटी पडायची. बाजारात भाव असे काही भडकले होते की लोक पिशवी घेऊन जात आणि पिशवीच परत घेऊन येत. पण शेगडीवर सभा भरवण्याइतकी मजल इमारतीत दुसऱ्या कोणाची गेली नव्हती.

किल्लेदार हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या घराण्यात कोणी किल्ला सोडा, साधा बुरूजही राखला नव्हता. रंगाच्या कारखान्यातल्या भांडाराच्या किल्ल्यांचा जुडगा मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या कमरेला होता, आणि जिना चढताना तो असा खणखणायचा की लहानथोर सगळे त्यांना याच नावाने ओळखत.

आता तोच जुडगा त्यांना टोचत होता. कारखाना एक आठवडा चालायचा, एक आठवडा बंद राहायचा, आणि पगार अर्धा झाला होता. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती. बंद आठवड्यातही ते नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघत, सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसत, जाहिरातींसकट सगळी वर्तमानपत्रं वाचत आणि संध्याकाळी थकल्याचं तोंड करून घरी येत. नुसतं बसूनही माणूस खरोखर थकतो, असं त्यांना तिथे आढळून आलं.

पण खर्च तर कमी करायला हवा होता. बायकोला कारण काय सांगायचं? तेव्हा पृथ्वी मदतीला धावून आली. एका मासिकात त्यांनी पृथ्वी तापत चालल्याचं वाचलं आणि त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं की आपण उधळे आहोत, इंधन जाळणं हे पाप आहे आणि येणाऱ्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत. बायकोला नवऱ्याच्या वाचनाबद्दल आदर होता. तिने मुकाट्याने एकेक गोष्ट सोडायला सुरुवात केली. काय काय सोडलं, हे किल्लेदारांनी विचारलं नाही.

सासरेही त्यांच्याकडेच राहत. उभं आयुष्य त्यांनी एका बँडमध्ये ढोल बडवला होता आणि त्यापायी कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. कानाचं यंत्र होतं, पण त्याचे सेल महाग. किल्लेदारांनी नियम केला, की यंत्र फक्त पाहुणे आल्यावर लावायचं. पृथ्वीसाठी सिगारेटही दिवसाला एकच. सासऱ्यांनी पहिला नियम आनंदाने मान्य केला. "नाहीतरी ऐकण्यासारखं काय असतं?" असं ते म्हणाले. दुसरा नियम त्यांना ऐकूच आला नाही.

घरच्या घरी गॅस करण्याची कल्पनाही वाचनालयातलीच. एका पिंपात शेण, पाणी आणि भाज्यांची सालं कालवून ठेवायची, झाकण घट्ट लावायचं, की आत आपोआप गॅस तयार होतो. तो नळीने एखाद्या ट्यूबमध्ये साठवायचा आणि शेगडीला जोडायचा. इतकी सोपी गोष्ट असताना जग सिलिंडर का घेतं, हे किल्लेदारांना कळेना. त्यांनी कारखान्यातून टाकाऊ निळं पिंप आणलं, ट्रकची जुनी ट्यूब मिळवून तिला उघडझाप करायचा कॉक बसवला आणि गोठ्यावरून शेण आणलं. येताना ते बसमधून आणावं लागलं, हा प्रसंग ते पुढे कधीच कोणाला सांगत नसत.

नियमाने वागणारा माणूस असल्यामुळे ते आधी नगरपालिकेत परवानगी घ्यायला गेले होते. पहिल्या खिडकीवर सांगण्यात आलं, की पिंप म्हणजे टाकी आणि टाकी म्हणजे बांधकाम. बांधकामवाल्याने विचारलं, "विटा आहेत? सिमेंट आहे? मग कसलं बांधकाम? आत काय आहे?"

"शेण."

"मग जनावरांच्या विभागात जा."

तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "जनावरं किती?"

"एकही नाही."

"मग शेण कोणाचं?"

हा प्रश्न त्याने अशा काही संशयाने विचारला की किल्लेदारांचे कान लाल झाले. "आणलेलं आहे," ते पुटपुटले.

"आणलेल्याला परवानगी लागत नाही. गॅसला लागते. निघाला की या."

पण निघेल तर ना! पिंप गॅलरीत बसवलं. गॅलरीला लागून सासऱ्यांची खोली. नळी खिडकीच्या गजांतून आत घेतली आणि ट्यूब दाराच्या मागे टाकली. ती तिथे दिवसेंदिवस मोजा गळून पडावा तशी पडून राहिली. इमारतीतल्या लोकांनी सुरुवातीला हौसेने सालं आणून दिली. पुढे पुढे ते फक्त चौकशीला येऊ लागले. तळमजल्याच्या काकू जिन्यात गाठून विचारत, "निघाला का हो?" चेअरमन रोज सकाळी नाकाला रुमाल लावून वर बघत. बाळंतपण जवळ आलेल्या घरातल्या माणसासारखी किल्लेदारांची अवस्था झाली होती. भेटेल तो काय विचारणार हे आधीच ठाऊक.

शेवटी वरच्या मजल्यावरचे मास्तर बघायला आले. ते शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांचं शिकवणं जास्तच वाढलं होतं. त्यांनी पिंपाला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं, "उपाशी आहे. सालांवर काय होणार? पिष्टमय पदार्थ हवेत. पाव घाला. साखरेचं पाणी घाला."

बेकरीवाल्याने पोतंभर शिळे पाव फुकट दिले. किल्लेदारांनी सुटीच्या आदल्या दिवशी ते सगळे पिंपात कोंबले, वरून साखरेचं पाणी ओतलं आणि झाकण दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जरा लवंडले होते. एवढ्यात सासऱ्यांच्या खोलीतून करकर आवाज आला. थांबला. पुन्हा आला. कपाट सरकवावं तसा. किल्लेदार उठले आणि त्यांनी खोलीचं दार ढकललं. दार किंचित आत गेलं आणि तसंच परत आलं. आतून कोणीतरी पाठ लावून बसलं असावं तसं.

ते गॅलरीत धावले आणि खिडकीतून आत डोकावले. ट्यूब जागी झाली होती. काळीकुळकुळीत, तुकतुकीत, टम्म फुगून ती उभी राहिली होती आणि दार आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये घट्ट अडकली होती. कपाटाची मूठ मागेच तुटली होती, तिचा टोकदार तुकडा ट्यूबच्या पोटात रुतला होता. ट्यूब आणखी फुगली की तो आणखी रुतणार, हे समजायला विज्ञान लागत नव्हतं. पलीकडे खाटेवर सासरे घोरत होते. त्यांच्या उशाशी स्टुलावर सिगारेटचं पाकीट होतं आणि पाकिटावर काडेपेटी होती.

किल्लेदारांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? "निघाला!" पुढच्याच क्षणाला त्यांची नजर काडेपेटीवर गेली.

"अहो, काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"शेगडी बंद कर," किल्लेदार एवढंच म्हणाले. ते इतक्या हळू आवाजात म्हणाले की ती विचारल्यावाचून धावत गेली आणि बंद करून आली.

त्यांनी नळी उपटायला हात घातला. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून मास्तर ओरडले, "नळी काढू नका! सगळा गॅस खोलीत पसरेल! एक ठिणगी, की संपलं!" मग किल्लेदारांनी नळी दुमडली आणि दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे तिला लावून टाकले. मास्तर जिन्यावरून धावत सुटले. "शेगड्या विझवा! बटणांना हात लावू नका! कोणी घंटी वाजवू नका!" असं ओरडत त्यांनी वरपासून खालपर्यंत दारं बडवली. लोक अर्धवट जेवणावरून उठले, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या तोंडाला साबण, आणि सगळे रस्त्यावर जमले. चेअरमननी मुख्य बटण बंद करायला हात उचलला, तर मास्तर म्हणाले, बंद करतानाच ठिणगी उडते. मग बंद न करता ठेवावं, तर फ्रीज आपोआप सुरू होतात, तेव्हाही उडते. या प्रश्नावर दोघंही त्या बटणासमोर हात वर करून उभे राहिले. तळमजल्याच्या काकूंनी मात्र वाद न घालता समोरच्या औषधांच्या दुकानातून अग्निशमन दलाला फोन केला.

वर सासरे जागे झाले.

ते उठून बसले. समोर ट्यूब बघून त्यांना नवल वाटलं. त्यांनी तिला बोटाने टिचकी मारली. आवाज आवडला असावा, कारण त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मनसोक्त ताल धरला. धडाम्, धडाम्, धाड्. प्रत्येक थापेला मुठीचं टोक आत जात होतं आणि बाहेर येत होतं. खिडकीबाहेर किल्लेदार गज धरून उभे होते. ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही ते ओरडत होते. वाजवून समाधान झाल्यावर माणसाला जे हवंसं वाटतं, तेच सासऱ्यांना वाटलं. त्यांनी स्टुलाकडे हात नेला.

किल्लेदारांनी गजांतून दोन्ही हात घालून नको नको अशी खूण केली. सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडवट झाला. "कालची शिल्लक होती, जावईबापू," ते म्हणाले. "एवढा काय जीव टाकता एका सिगारेटीसाठी?" आणि सिगारेट ओठांत धरून त्यांनी खिडकीकडे पाठ फिरवली.

बायको कपडे वाळत घालायची काठी घेऊन आली. तिने नवऱ्याला बाजूला लोटलं, काठी गजांतून आत घातली आणि नेम धरून काडेपेटी स्टुलावरून उडवली. ती खाटेखाली गेली. सासरे खाली वाकले. त्यांचं डोकं खाटेखाली आणि पाठ ट्यूबला टेकलेली.

"बाबा!" ती किंचाळली. मग तिने काठीनेच त्यांच्या पाठीवर टकटक केलं. ते रागाने वळले. तिने कानाला हात लावून दाखवला. त्यांनी उशीखालून यंत्र काढलं, कानात बसवलं, चक्री फिरवली आणि मान हलवली. "सेल संपला," ते म्हणाले.

तेव्हा तिला काही सुचेनासं झालं. तिने काठी टाकली, हात जोडले आणि गजांना डोकं टेकवून ती रडायला लागली. सासरे बघत राहिले. त्यांना ट्यूब कळत नव्हती, गॅस कळत नव्हता, जावई तर कधीच कळला नव्हता. पण मुलगी रडते आहे एवढं कळलं. ओठांतली सिगारेट त्यांनी निमूट पाकिटात परत ठेवली आणि खाटेवर मांडी घालून बसले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

बंब आला तो घंटा वाजवत. मास्तरांनी घंटा बंद करायला लावली. दलाचे अधिकारी वर आले, त्यांनी खिडकीतून पाहिलं, मग किल्लेदारांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीतून पाहिलं. "ही कोणाची करामत?" त्यांनी विचारलं.  सगळ्यांनी फक्त एकाच दिशेला पाहिलं.

जवानांनी करवतीवर पाणी ओतत ओतत, ठिणगी उडू न देता, खिडकीचे गज कापले. आत उतरून आधी सासऱ्यांना बाहेर काढलं. मग कपाट तसूतसूने मागे घेतलं. मूठ ट्यूबच्या पोटातून सुटली तेव्हा गॅलरीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ट्यूबचा कॉक बंद करून, नळी सोडवून चार जवानांनी ती उचलली आणि जिन्यावरून खाली आणली. कठड्याला एक खिळा वर आलेला होता. त्याच्यावर चेअरमननी स्वतःचा तळहात ठेवला आणि ट्यूब पुढे जाईपर्यंत उचलला नाही. त्या माणसाबद्दल किल्लेदारांना तेव्हा जे वाटलं, ते त्यांनी नंतर कधी बोलून दाखवलं नाही.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत ट्यूब ठेवली. अधिकाऱ्यांनी सगळ्यांना मागे हटवलं, एका जवानाने कॉक उघडला आणि धावत परत आला. सूंऽऽ असा आवाज सुरू झाला. सगळी इमारत गोल करून गप्प उभी राहिली.

अधिकाऱ्यांनी कागद काढला. "हा उद्योग कशासाठी केलात?"

"त्याचं असं आहे," किल्लेदार घसा साफ करून म्हणाले, "आज पृथ्वी ज्या वेगाने तापते आहे…"

"साहेब, मला रिपोर्ट लिहायचा आहे. पृथ्वी राहू द्या. खरं कारण सांगा."

किल्लेदारांनी आजूबाजूला पाहिलं. दुपारभर ज्यांची जेवणं आणि जीव टांगणीला लागले होते ती सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. अंगात जेवढं उसनं अवसान होतं ते त्या ट्यूबबरोबरच सूंऽऽ करत निघून गेलं.

"पगार अर्धा झालाय," ते म्हणाले. "कारखाना आठवड्याआड चालतो."

 चेअरमन तळहात चोळत हळूच म्हणाले, "तुमचा आठवड्याआड तरी चालतो."

बायको पुढे आली. "कधीपासून?"

"उन्हाळा लागला तेव्हापासून."

"आणि रोज डबा घेऊन जाता ते?"

"वाचनालयात."

"म्हणजे ती पृथ्वी…" तिने वाक्य पुरं केलं नाही. ती पुरं करणार होती, आणि ते इमारतीला बराच काळ लक्षात राहिलं असतं. पण त्याच क्षणी तळमजल्याच्या काकू ओरडल्या, "अहो, ते बघा! अहो, त्यांना धरा!"

सासरे ट्यूबपाशी पोचले होते. दुपारपासून त्यांना कोणी काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या बुद्धीने अर्थ लावला होता. इतकी माणसं गोल करून उभी आहेत, गणवेशातले अधिकारी आले आहेत, जावयाने काहीतरी भाषण केलं, आणि गॅस तर सुटला आहे. म्हणजे उद्घाटन आहे, आणि वडीलधारा म्हणून पुढे व्हायचं ते आपणच. खाटेखालून काढलेली काडेपेटी त्यांच्या हातात होती. त्यांनी सदरा नीट केला, वाकले आणि काडी ओढली.

सगळी इमारत जमिनीवर आडवी झाली. मास्तर चेअरमनच्या अंगावर पडले. अधिकारी कागदासकट पालथे झाले. बायको वडिलांकडे धावली आणि किल्लेदारांनी तिला मागून धरलं. दोघंही चिखलात कोसळली; त्यांनी तिच्या डोक्यावर आपले हात धरले आणि डोळे घट्ट मिटले.

काहीच झालं नाही.

पुन्हा काडी ओढल्याचा आवाज आला. मग पुन्हा. किल्लेदारांनी एक डोळा उघडला. सासरे पेटती काडी कॉकसमोर नेत होते आणि तिथे पोचताच ती विझत होती. हाताचा आडोसा करून त्यांनी आणखी एक पेटवली. तीही विझली. मग ते सरळ उभे राहिले आणि आडव्या पडलेल्या जनसमुदायाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, तुमचा गॅस काड्या विझवायला फार चांगला आहे!"

लोक अंग झटकत उठू लागले. आधी कोणीतरी एक हसलं, मग सगळेच. हसले नाहीत ते एकटे किल्लेदार. दुपारभर ज्यांनी हा गॅस पेटू नये म्हणून मनोमन विनवण्या केल्या होत्या, तेच आता कोपरापर्यंत चिखलात माखून म्हणत होते, "पेटत नाही म्हणजे काय? वारा असेल. काडी सर्दलेली असेल. अहो, अजून एकदा बघा ना!"

"पेटायचा नाहीच," मास्तर चष्मा पुसत म्हणाले. "पाव आणि साखर आंबली की निव्वळ कार्बन डायऑक्साइड. आग विझवायला वापरतात तोच. प्राथमिक गोष्ट आहे."

"मग दुपारपासून का नाही बोललात?" चेअरमननी विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही," मास्तर म्हणाले आणि घाईने घरी गेले.

अधिकाऱ्यांनी रिपोर्टात काय लिहिलं कोण जाणे. जाताना ते एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी पृथ्वी वाचवायची झाली तर आधी आम्हाला कळवा. इमारतीत एकेक करून शेगड्या पेटल्या आणि फोडण्यांचे वास जिन्यात उतरले.

 घरी आल्यावर बायकोने हातपाय धुतले, वडिलांना कोरडा सदरा दिला आणि शेगडी पेटवली. कोणतीही सभा भरली नाही. तिने चहा केला. भरपूर दूध घालून एक कप वडिलांना दिला, एक स्वतःला घेतला. तिसऱ्या कपात तिने नुसता काळा चहा ओतला आणि तो किल्लेदारांपुढे ठेवला.

"उन्हाळ्यापासून हाच पितेय मी," ती म्हणाली. "तुम्ही घरी नसताना. घ्या. पृथ्वी वाचवा."

किल्लेदारांनी घोट घेतला.  "मला वाटलं, तुला काळजी लागेल," ते शेवटी म्हणाले.

"आणि आज काय लागलं मग?"

तेवढ्यात खालून तळमजल्याच्या काकूंचा आवाज आला, "अहो किल्लेदार, तुमच्या गॅलरीतून फेस गळतोय! माझ्या धुतलेल्या चादरींवर!"

दोघं गॅलरीत धावली. चिमटे लावून कोंडलेल्या पिंपाने आपलं झाकण वर उचललं होतं आणि पावाचा लगदा फसफसत बाहेर येत होता. बायकोने नाकाला पदर लावला, आतून दोन बादल्या आणल्या आणि एक नवऱ्याच्या हातात दिली. पिंप उपसून मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ओतण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. बादल्या भरून दोघं जिना उतरू लागली, ती पुढे, ते मागे. कमरेचा जुडगा खणखणत होता. किल्लेदारांनी बादली खाली ठेवून तो खिशात घातला.

"अर्धा म्हणजे नेमका किती?" मागे न बघता तिने विचारलं.

जिन्याच्या वळणावर त्यांनी आकडा सांगितला. खरा.

ती जागच्या जागी थांबली. बादली तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं," ती म्हणाली. "या सावकाश. सांडू नका."